दोघांची तिजोरी

रस्त्यात भेटलेल्या माणसाला "काय, तब्येत कशी आहे?" असं विचारायला कुणाचं काय जातं? काही जात नाही. पण ही बाई कधी विचारायची नाही. समोरून ओळखीचं माणूस आलं की ती हसायची, "काय, बाजारात का?" म्हणायची, ऊन फार वाढलंय म्हणायची, फार तर "पिशवी जड दिसतेय" म्हणायची, तब्येतीचं नाव नाही. लोकांना वाटायचं, दवाखान्यात काउंटरवर बसते म्हणून हिला शिंगं फुटलीत. खरं तर तिने तब्येत विचारली की शेजारी उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाला लगेच कळायचं, हा दवाखान्यात जाऊन आलेला दिसतोय. मग तो कशासाठी गेला होता हे शोधून काढायला त्या तिसऱ्याला एक संध्याकाळ पुरायची.

हे ती ठेच लागून शिकली होती. नोकरीला नवी असताना भाजी घेता घेता तिने एका कारकुनाला भाबडेपणाने विचारलं, "खोकला थांबला का हो तुमचा?" शेजारी कारकुनाचा साहेब उभा होता आणि साहेबाला त्याने चुलतभावाच्या लग्नाला जातो म्हणून सांगितलं होतं. कारकून तोंड पाडून निघून गेला, तो पुन्हा दवाखान्याची पायरी चढला नाही. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मावशी, येताना लोक इथे पाय पुसून येतात. आपण घरी जाताना कान पुसून जायचं." तेव्हापासून तिने कानाला खडा लावला.

पेशंट तिला मावशी म्हणायचे. डॉक्टरबाईही मावशीच म्हणायच्या, वयाने तिच्याएवढ्या असून. फक्त तिच्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे भावोजींनी, तिचं नाव तिजोरी ठेवलं होतं. ती दारात दिसली की ते आत आवाज द्यायचे, "अगं, ऊठ, तिजोरी आली! दागिने लपव!" आणि स्वतःच खो खो हसायचे. भावोजींच्या विनोदावर सगळ्यात जास्त भावोजीच हसायचे. त्यांचं रेडिओ, पंखे, मिक्सर दुरुस्त करायचं छोटंसं दुकान होतं आणि गिऱ्हाईक वस्तू घेऊन आलं की आधी एक किस्सा ऐकून घ्यायचं, मग वस्तू टेबलावर ठेवायची, असा तिथला रिवाज होता. दोघांना मूलबाळ नव्हतं. मावशीचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, तेव्हा ताईने तिला आपल्या मागच्या गल्लीत खोली बघून दिली. रात्रीचं जेवण तिघांचं एकत्र. तिघांचं मिळून एक घर होतं, फक्त मध्ये एक गल्ली होती.

दवाखाना म्हणजे एक मोठी खोली आणि मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. हवा खेळती राहावी म्हणून सुताराने वर छताशी हातभर जागा मोकळी सोडलेली, आणि त्या जागेतून हवेबरोबर आतलं बोलणंही बाहेर खेळतं राहायचं. कुणाला मूळव्याध, कुणाला साखर, कुणाला झोप येत नाही, बाकावर बसलेल्यांना सगळं फुकटात ऐकू यायचं. मावशी आपल्या परीने झाकायला बघायची. केसपेपर काउंटरवर कायम पालथा. नाव पुकारायचं नाही, नंबर पुकारायचा. फोनवर "तुमचा रिपोर्ट आला" म्हणायचं नाही, "सवडीने येऊन जा" म्हणायचं. पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा तिने त्याचं तोंड भिंतीकडे केलं आणि स्वतः मान वाकडी करून बसायला लागली, त्यात मान धरली ती धरलीच. एखादी घरमालकीण गोड गोड बोलून विचारायची, "आमची वरची भाडेकरीण आली होती ना परवा? काय झालंय तिला?" त्यावर मावशी इतक्या निरागसपणे "कोण हो?" म्हणायची, की घरमालकिणीलाच वाटावं, आपल्याला भाडेकरीण आहे की नाही.

पण पार्टिशनवरच्या त्या मोकळ्या जागेपुढे मावशीचे हात टेकले. मग तिने भावोजींना गाठलं. भावोजींनी आपल्या दुकानातला एक दणकट जुना रेडिओ आणून काउंटरच्या मागे फळीवर बसवून दिला. मावशी आणि डॉक्टरबाईंचं ठरलं: आतून एक लांब बेल म्हणजे पुढचा पेशंट, आणि दोन छोट्या बेल म्हणजे रेडिओचा आवाज वाढवा. दोन छोट्या बेल रोज वाजायच्या नाहीत. आत कुणाला काही जड सांगायचं असलं, तरच. मग बाहेर गाणी दणाणायची, नाहीतर बातम्या, आणि आत कुणीतरी रडायचं, ते बाहेर ऐकू यायचं नाही.

ताईच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. ताईने तर नाहीच. मग वजन उतरायला लागलं, ब्लाऊज ढगळ व्हायला लागले, तेव्हा भावोजी म्हणाले, "अशीच बारीक होत गेलीस तर मला दुसरं लग्न केल्यासारखं वाटायला लागेल." आणि तिला दवाखान्यात घेऊन आले. डॉक्टरबाईंनी तपासण्या लिहून दिल्या. रिपोर्ट आला तो त्यांनी स्वतःच्या हाताने घेतला, मावशीकडे दिला नाही, आणि तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "ताईंचा नंबर आज शेवटी ठेवा."

शेवटचा नंबर. बाक रिकामे झाले. ताई आत गेली. बाहेर मावशी आणि भावोजी, दोघंच. भावोजी एका गिऱ्हाइकाचा किस्सा सांगत होते. त्याने पंखा दुरुस्तीला आणला, का, तर म्हणे उलटा फिरतो, आणि भावोजींनी बघितलं तर त्याने आरशात बघून ठरवलेलं. मावशी हसायच्या बेतात होती. तेवढ्यात दोन छोट्या बेल वाजल्या.

त्या क्षणी मावशीला कळलं. बहिणीला काय झालंय हे तिला कुणी सांगितलं नाही, बेलने सांगितलं. अशा वेळी माणूस जे करतो ते तिने केलं: रोजचं काम. तिचा हात आपोआप मागे गेला आणि त्याने रेडिओचं बटण फिरवलं. बाजारभाव चालले होते. कांद्याचा भाव सबंध खोलीत दणाणला. भावोजी बोलायचे थांबले. त्यांनी रेडिओकडे बघितलं, मग मावशीकडे बघितलं. मग घसा साफ करून त्यांनी आपला किस्सा कांद्याबटाट्यांच्या वर आवाज काढून शेवटपर्यंत सांगितला आणि शेवटी हसलेसुद्धा. मावशीला त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही.

ताई बाहेर आली ती तोंड धुऊन. "पित्त आहे म्हणाल्या," तिने भावोजींना सांगितलं. "जुनं पित्त. तिखट बंद करायला सांगितलंय. म्हणजे तुमचंही बंद."

"झालं," भावोजी म्हणाले. "पित्त तुझं आणि शिक्षा मला."

संध्याकाळी ताई एकटीच मागच्या गल्लीत आली. पलंगावर बसली आणि आधी मावशीला पोटभर रडू दिलं, तिच्या पाठीवरून हात फिरवत, जणू दुखणं मावशीचंच होतं. मग म्हणाली, "झालं रडून? आता ऐक. ऑपरेशनच्या पलीकडे गेलंय. दुखायचं कमी करतील, बाकी काही नाही. ह्यांना कळता कामा नये."

"अगं ताई, नवरा आहे तुझा."

"म्हणूनच. तुला माहिती नाही का हे कसे आहेत? माझं डोकं दुखलं तर दुकान बंद करून उशाशी बसतात. हे कळलं तर हसायचं विसरतील. मला उरलेले दिवस माणूस हवाय गं घरात, पहारेकरी नकोय. ह्यांचे ते रटाळ किस्से ऐकत मरायचंय मला." एवढं बोलून ती थोडं हसली. "आणि मला तुझं बहीण म्हणून वचन नकोय. बहिणी पाघळतात. काउंटरवरची बाई म्हणून वचन दे. मी पेशंट आहे तुमची."

मावशीने दिलं. काय करणार?

नंतर काही आठवडे तिने ते सांभाळलं. औषधं ती स्वतः आणायची आणि ताईच्या घरी पित्ताच्या गोळ्यांच्या डबीत भरून ठेवायची. भावोजींनी खरंच तिखट सोडलं. ताटावर बसले की कण्हायचे, "ह्या पित्ताने माझं तारुण्य घालवलं," आणि ताई हसायची, पोटाला हात लावून हसायची. बघणाऱ्याला वाटलं असतं, काय सुखी जोडपं आहे. तसं ते होतंच.

मग एक दिवस दुपारी दवाखाना बंद करून मावशी घरी निघाली तेव्हा भावोजींनी दुकानातून हाक मारली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. भावोजी एका रेडिओचं पोट उघडून बसले होते आणि तारांना डाग द्यायचा तापलेला खिळा हातात धरून नुसते बघत होते, डाग काही देत नव्हते.

"किती दिवस आहेत तिच्याकडे?" त्यांनी विचारलं.

मावशीने आपलं नेहमीचं तोंड केलं. "कुणाकडे हो?"

"तिजोरी, माझ्याशी नको," भावोजी म्हणाले. "तो रेडिओ कुणी बसवलाय तुमच्याकडे? कशासाठी बसवलाय, हे मला माहिती नाही? त्या दिवशी बाहेर होतं तरी कोण? बाकावर मी एकटा. तो आवाज तू कुणासाठी वाढवलास?"

इतकी वर्षं पालथे केसपेपर, वाकडी मान, तोंडातून ब्र नाही, आणि ज्या माणसाला कळायला नको होतं त्याला तिने पहिल्याच मिनिटाला, स्वतःच्या हाताने, मोठ्या आवाजात कळवलं होतं. ती गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली. भावोजींनी खिळा खाली ठेवला आणि हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले. "धूर जातो गं डोळ्यांत," ते म्हणाले. धूर कुठेच नव्हता.

"ताईशी बोला," मावशी कशीबशी म्हणाली.

"नाही. अजिबात नाही. ती हसते ते कशावर? मला काही माहिती नाही, यावर हसते. मला माहिती आहे हे तिला कळलं, तर ती माझी काळजी करत बसेल. स्वतःचं दुखणं बाजूला ठेवून मला समजावत बसेल. तू ओळखतेस ना तिला?" त्यांनी तिच्यापुढे हात जोडले. या माणसाला असे हात जोडताना तिने कधी बघितलं नव्हतं. "एवढं माझं ठेव. तुझ्या ताईची शपथ आहे तुला."

तिने तेही ठेवलं.

आता काय सांगावं! एका घरात दोन माणसं, दोघांना एकच गोष्ट माहिती, दोघं ती एकमेकांपासून लपवतायत, आणि दोघांच्या मध्ये ही बसलेली. ताई रात्री कळ आली की उशी तोंडात धरायची, भावोजी जागे असून घोरल्याचं सोंग करायचे. ताई म्हणायची, "ह्यांना बाई झोप छान लागते, देवाची दया." भावोजी म्हणायचे, "तिला वाटतं मी झोपलो, म्हणून निदान उशीत का होईना, कण्हते तरी." सकाळी ताई कपाटाशी उभी राहून साड्या काढून मावशीच्या अंगावर लावून बघायची, "ही तुला शोभेल," म्हणायची, आणि भावोजी दारातून ओरडायचे, "माझ्या मेहुणीला नटवून माझं घर फोडतेस काय?" मावशीच्या मनात यायचं, दोघांची डोकी धरावीत आणि एकमेकांवर आपटावीत. म्हणावं, वेड्यांनो, बोला. बोला ना एकदा. पण तोंड उघडलं की निघायचं काय, तर "चहा टाकू का?"

तिच्या डोळ्याला डोळा लागेनासा झाला. शेवटी एकदा दवाखाना आवरताना तिने डॉक्टरबाईंना विचारलं. आडून आडून, कुणा तिसऱ्याचं असल्यासारखं. डॉक्टरबाईंनी ओळखलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मावशी, ताईंनी मला जे सांगितलंय ते मी त्यांच्या यजमानांना सांगणार नाही. ते समोर येऊन बसले तरी नाही. ते ताईंचं आहे. तुम्ही इथे जे बघता, ऐकता, तेही तसंच. पण तुमचे भावोजी तुमच्याशी बोलले ते कुठे बोलले?"

"त्यांच्या दुकानात."

"ते इथले पेशंट म्हणून बोलले का?"

"नाही."

"मग ते दवाखान्यातलं नाहीच. तुमच्या घरातलं आहे. त्याला माझा नियम लागत नाही, आणि तुम्हीही लावू नका. घरच्या माणसांनी काय बोलायचं, काय नाही, ते घरच्या माणसांनी ठरवायचं. तुम्ही ताईंच्या बहीण आहात."

मावशी घरी जाताना सबंध रस्ताभर याचाच विचार करत राहिली. तिला हा फरक कधी सुचलाच नव्हता. काउंटरवर बसून बसून तिला वाटायला लागलं होतं, जे काही कुणी हळू आवाजात सांगतं ते सगळं एकाच कप्प्यातलं, आणि त्याला एकच कुलूप. आजच सांगते, तिने ठरवलं. ताईला एवढंच सांगायचं, त्यांना माहिती आहे. झालं.

ती गेली तेव्हा भावोजी स्वयंपाकघरात मऊ भात शिजवत होते आणि ताई खाटेवर पडल्या पडल्या त्यांना सूचना देत होती. भात बुडाला लागला होता आणि दोघंही त्यावरून भांडत हसत होती. इतकी हसत होती दोघं, की मावशीला वाटलं, आज नको. आज ह्यात मिठाचा खडा टाकायला नको. उद्या सांगू.

उद्या पाव्हणे आले. परवा ताईला ग्लानी होती. मग तिला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटत असताना कशाला, असं झालं. आणि मनाच्या तळाशी शपथ होती, ताईचीच, ती तोडली तर ताईला काही होईल अशी एक खुळी भीती. ताईला व्हायचं ते काय राहिलं होतं? पण भीतीला कुठे हिशेब कळतो.

असे दिवस गेले. ताई खाटेवरून उठेनाशी झाली, आणि "पित्त" हा शब्द घरात आता कुणी उच्चारेनासं झालं, तरी भावोजी रोज सकाळी तिचं पांघरूण सारखं करताना म्हणायचे, "ऋतू बदलला की उठशील बघ." ती म्हणायची, "हो, मग आपण दोघं फिरायला जाऊ."

एका दुपारी भावोजी दुकानात गेले होते. जायला तयार नव्हते; ताईनेच हट्टाने पाठवलं होतं. मावशीने दवाखान्यातून सुट्टी घेतली होती. ताईचा आवाज अगदी खोल गेला होता, म्हणून मावशी खाटेला खेटून जमिनीवर बसली होती.

"ऐकतेस का गं?"

"बोल ना ताई."

"सगळं मनासारखं झालं. हे हसत राहिले. हेच हवं होतं मला." ती थांबली, श्वास घेतला. "पण एक सांगू? एकदा ह्यांच्या गळ्यात पडून धाय मोकलून रडावं असं फार वाटतं. मला भीती वाटते गं रात्रीची. ह्यांना घट्ट धरावं आणि म्हणावं, मला नाही जायचं. पण काय सांगून रडू? ह्यांना तर काही माहितीच नाही."

त्यांना माहिती आहे. तीन शब्द होते. मावशीच्या अगदी ओठापर्यंत आले. बाहेर ऊन होतं, दुकान हाकेच्या अंतरावर होतं, धावत गेली असती तर पाच मिनिटांत भावोजींना घेऊन आली असती. ताईचे डोळे तिच्याकडे लागले होते. आणि मावशीची जीभ वळेना. इतक्या वर्षांत जिला फक्त न बोलण्याची सवय लागली होती, ती जीभ त्या एका क्षणी तिच्या कामाला आली नाही.

"पाणी देऊ का ताई?" ती म्हणाली.

"दे," ताई म्हणाली.

चमचाभर पाणी तिने घेतलं आणि डोळे मिटले. संध्याकाळी भावोजी आले तेव्हा ती गाढ झोपली होती. दुसऱ्या दिवशी ती जागी झाली नाही, श्वास तेवढा चालू होता. भावोजी तिचा हात हातात घेऊन बसले आणि तिला आपला तो आरशातल्या पंख्याचा किस्सा सांगत राहिले. तिसऱ्या दिवशी ती गेली.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. मग कुणाकडून तरी सगळ्यांना कळलं, की ताईला सगळं ठाऊक होतं आणि मावशीलाही ठाऊक होतं, आणि बायका मावशीचा हात हातात घेऊन म्हणायला लागल्या, "धन्य आहात बाई तुम्ही. एवढं पोटात ठेवलंत. आम्हाला ताकास तूर लागू दिली नाहीत." दवाखान्यातल्या जुन्या पेशंट बायका तर कौतुकाने म्हणाल्या, मावशींच्या पोटातलं ओठावर येणार नाही, म्हणूनच आम्ही त्याच दवाखान्यात जातो. मावशी मान खाली घालून ऐकायची. प्रत्येक शब्द तिला थोबाडीत मारल्यासारखा लागायचा. नाही आलं ओठावर, खरंच आहे. यायला हवं होतं तेव्हाही नाही आलं.

पाव्हणे पांगल्यावर एका सकाळी भावोजी मागच्या गल्लीत तिच्या खोलीवर आले. दाढी वाढलेली, सदऱ्याचं बटण चुकीच्या काजात. त्यांना बसायला खुर्ची दिली तर ते पलंगाच्या कडेवर बसले, ताई बसायची तिथे.

"मला एक सांग," ते म्हणाले. "त्या दुपारी मी दुकानात होतो. शेवटचं ती तुझ्याशीच बोलली. माझ्याबद्दल काही म्हणाली का?"

आता कुणाचीच शपथ उरली नव्हती. मावशीने सांगितलं. गळ्यात पडून रडावंसं वाटतं, ते सांगितलं. रात्रीची भीती वाटते, ते सांगितलं. मला नाही जायचं, तेही सांगितलं. सांगताना ती भावोजींकडे बघू शकली नाही, जमिनीवरच्या फरशीकडे बघत बोलली.

भावोजींनी सदऱ्याचं चुकलेलं बटण काढलं आणि पुन्हा त्याच चुकीच्या काजात लावलं.

"रडायचं होतं तिला?" मग ते म्हणाले. "माझ्याजवळ?"

"हो."

"मी रोज दुकानाच्या मागे जाऊन रडायचो. पोत्यांच्या आड. गिऱ्हाईक आलं की तोंड धुऊन यायचो." त्यांचा आवाज एखाद्या लहान मुलासारखा झाला होता. "एकत्र रडलो असतो गं आम्ही. तू सांगितलं का नाहीस तिला?"

"तुम्हीच शपथ घातली होतीत, भावोजी."

"घातली होती. मी नकोच म्हणणार होतो. तीही नकोच म्हणणार होती. आम्ही दोघंही भ्यालो होतो." त्यांनी तिच्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, कणभरही नव्हता. "तू आमचं ऐकायचं नव्हतंस."

किती परक्यांची दुखणी मावशीने जिवापाड झाकली होती, आणि स्वतःच्या बहिणीला नवऱ्याच्या गळ्यात पडून एकदा रडू देणं, एवढं एक तिला जमलं नव्हतं.

भावोजी उठले. जाता जाता त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, "तुझा काय दोष," आणि चपला घालून बाहेर पडले. ती दाराशी उभी राहिली. त्यांनी परत यावं, शिव्या द्याव्यात, एक थोबाडीत द्यावी असं तिला मनापासून वाटत होतं. ते भिंतीच्या कडेकडेने हळू चालत गेले आणि गल्लीच्या टोकाला दुकानाकडे न वळता घराकडे वळले, जिथे आता कुणी नव्हतं.